पुस्तक एक, तास वेगळे

गैरसमज पहिला : बालभारतीचे पुस्तक सगळीकडे एकच, मग भाषेचा तासही एकसारखाच होणार. वस्तुस्थिती अशी की, तोच धडा कुणाच्या वर्गात शुद्धलेखन होतो, तर कुणाच्या वर्गात गप्पा. भाषा म्हणजे काय, याविषयीची शिक्षकाची समजूत हा फरक घडवते. ती केवळ शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात तयार होत नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडले की, शिक्षक होण्यापूर्वीच माणूस वर्षानुवर्षे बाकावर बसून इतरांचे शिकवणे पाहत असतो आणि पुढे नकळत तेच गिरवतो.

गैरसमज दुसरा : घरची बोली अशुद्ध असते, ती मोडल्याशिवाय मराठी सुधारत नाही. दौंड तालुक्यातील राहू परिसर उसाचा आणि गुऱ्हाळांचा. अशा गावात स्थानिक मुलांच्या शेजारी ऊसतोड कामगारांचे मूल बसले, तर एकाच वर्गात दोन-तीन बोली येतात. 'विहिरीत पानी व्हतं' असे सांगणाऱ्या मुलाला तिथेच अडवले, तर पुढची गोष्ट घशातच राहते. आधी ऐकून घेऊन नंतर फळ्यावर 'पाणी होते' लिहिले, तर मुलाकडे दोन्ही रूपे येतात. मराठी शुद्धलेखनाचे शासनमान्य १८ नियम (१९६२ चे १४ आणि १९७२ चे ४) लेखनाचे आहेत, बोलण्याचे नव्हेत. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला त्यांचीही मुभा आहे. बोलींनाही व्याकरण आणि तर्क असतो, हे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ मध्येच सोदाहरण दाखवले. यावर आक्षेप येतो, की परीक्षेत प्रमाणभाषाच लागते. ते खरेच आहे. पण इथे वाद मुक्कामाचा नाही, वाटेचा आहे. जे मूल वर्गात तोंडच उघडत नाही, ते प्रमाणभाषा तरी कशी शिकणार?

गैरसमज तिसरा : शिक्षकाची समजूत बदलली, की सगळे सुधारेल, आणि ती बदलायला एक प्रशिक्षण पुरे. दोन्ही अर्धसत्ये आहेत. भाषाशिक्षकांच्या विचारांचे अभ्यासक सायमन बोर्ग यांच्या संशोधनानुसार शिक्षकाचा विश्वास आणि त्याची कृती यांत अनेकदा अंतर पडते. एका खोलीत दोन इयत्ता, संपवायचा अभ्यासक्रम आणि डोक्यावर परीक्षा असली, तर संवादावर श्रद्धा असणारे गुरुजीही प्रश्नोत्तरे लिहून देतात. त्यामुळे सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. शिवाय शिक्षण-संशोधक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये मांडले, की व्याख्यानाने मत सहसा बदलत नाही. नवी रीत वापरून आपलीच मुले शिकताना दिसली, की मग बदलते.

म्हणून शाळांच्या समूह केंद्राच्या शिक्षण परिषदेत भाषणे कमी करून शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या वह्या मांडाव्यात, मुलांनी काय सांगितले आणि आपण ते कुठे अडवले, यावर बोलावे. शिक्षकाचे मत पालटेल ते या पुराव्याने, परिपत्रकाने नव्हे.