बीजाणू पाहिल्याशिवाय नाव देऊ नका : सह्याद्रीतले लायकोफाइट्स

पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर, उथळ डबक्यांत गवतासारखे झुपके दिसतात. त्यातले काही गवत नसतातच. ते असतात आयसोइटिस, म्हणजे लायकोपोडियम आणि सेलाजिनेला यांचे नातेवाईक. या तिन्ही गटांना मिळून लायकोफाइट्स म्हणतात. यांना फुलं नाहीत, बिया नाहीत. प्रसार बीजाणूंनी होतो.

आता अडचण अशी की आयसोइटिसच्या बहुतेक जाती बाहेरून सारख्याच दिसतात. पानांची लांबी तर डबक्यातल्या पाण्यावरही अवलंबून असते. मग जात ओळखायची कशी? बीजाणूच्या कवचावरून.

बीजाणूवरची रेघ कुठून येते?

अर्धसूत्री विभाजनातून एका पेशीचे चार बीजाणू होतात. हे चार चतुष्फलकासारखे रचले गेले, तर प्रत्येकाला उरलेले तिघं टेकतात आणि सुटे झाल्यावर त्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण राहते. हा त्रिरेषी बीजाणू. संत्र्याच्या फोडींसारखे रचले गेले, तर एकच सरळ रेघ उरते. हा एकरेषी.

तीन गट, तीन तऱ्हा

लायकोपोडियमच्या कुळात सगळे बीजाणू एकाच प्रकारचे, त्रिरेषी आणि साधारण २५ ते ४५ मायक्रॉनचे. फरक नक्षीत असतो. दक्षिण सह्याद्रीत झाडांवर लोंबणाऱ्या फ्लेग्मॅरियुरसच्या बीजाणूवर बारीक खळगे दिसतात, तर जमिनीवर वाढणाऱ्या पाल्हिनहिया सर्नुआच्या बीजाणूवर सुरकुत्या.

सेलाजिनेलात दोन प्रकारचे बीजाणू: मोठे महाबीजाणू आणि बारीक लघुबीजाणू. दोन्ही त्रिरेषी. आयसोइटिसमध्येही दोन प्रकार असतात, पण इथे महाबीजाणू त्रिरेषी आणि लघुबीजाणू एकरेषी. एवढ्या एका फरकावरून स्लाइडवर प्रजाती वेगळ्या करता येतात.

आयसोइटिसचे महाबीजाणू काही शे मायक्रॉनचे असतात. पानाचा फुगीर तळ उघडला की पांढुरक्या रव्यासारखे साध्या डोळ्यांनीही दिसतात. नॉर्मा फायफर यांनी १९२२ साली या प्रजातीचं वर्गीकरण महाबीजाणूंच्या नक्षीवरच केलं: गुठळ्या, काटे, कंगोरे की जाळी. हे विभाग नातेसंबंध नीट दाखवत नाहीत असं पुढे लक्षात आलं. पण जात ओळखायला नक्षी आजही लागतेच.

यात एवढं काय अडतं?

आयसोइटिस कोरोमंडेलिना भारतात बऱ्याच ठिकाणी सापडते. उलट आयसोइटिस दीक्षिती ही पाचगणीहून १९४५ मध्ये वर्णन झालेली, मर्यादित क्षेत्रातली जात. बीजाणू न पाहता दोघींना एकच नाव दिलं, तर दुर्मिळ जात यादीतून गायब होते. उद्या त्या सड्यावर रस्ता, रिसॉर्ट किंवा खाण आली, तर तिथे जपण्यासारखं काही होतं याची नोंदही नसेल. झाडं तिथेच असतील, फक्त कागदावर नसतील.

काम करताना

- बीजाणू पक्व झाल्यावर गोळा करा. सड्यांवर साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. कच्च्या बीजाणूवर नक्षी पूर्ण उमटलेली नसते.
- एका झुपक्यावर थांबू नका. वेगवेगळ्या झुपक्यांतले भरपूर बीजाणू मोजा. सरासरीबरोबर किमान-कमालही लिहा.
- महाबीजाणू कोरडा पाहिला की ओला, हे नोंदवा. ओल्यावर बारीक नक्षी हरवते.
- आधी स्टिरिओ मायक्रोस्कोप, मग एसईएम. एसईएमचा एक देखणा फोटो म्हणजे जात नव्हे.
- वेडेवाकडे, लहान-मोठे बीजाणू फेकून देऊ नका. संकर किंवा त्रिगुणित वनस्पतीत असे बीजाणू येतात. कोरोमंडेलिनात द्विगुणित आणि त्रिगुणित दोन्ही नोंदवले गेले आहेत. गुणसूत्रांचे संच वाढले की बीजाणूचा आकारही वाढू शकतो.

म्हणूनच बीजाणू हा भक्कम पुरावा आहे, पण एकटा निकाल नाही. शक्य असेल तिथे गुणसूत्रं आणि डीएनए यांची जोड द्या. आणि ज्या नमुन्यातून बीजाणू काढले, तो ठिकाण-तारखेसह हर्बेरियममध्ये नक्की ठेवा. शंका आली, तर पुढच्या संशोधकाला पुन्हा तेच पान उघडून पाहता आलं पाहिजे.