हाताची शाळा

‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतही परका राहिलेला नाही. पूर्वी तो कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे कानावर पडायचा. आता पित्ताशयातले खडे असोत, अपेंडिक्स असो, हर्निया असो की गर्भपिशवी, रुग्णाचे नातेवाईक पहिला प्रश्न हाच विचारतात, “डॉक्टर, दुर्बिणीतून होईल ना?” जखम लहान, दुखणं कमी, माणूस लवकर घरी. मागणी रास्तच आहे. पण त्यापुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ही दुर्बीण हाताळायला डॉक्टर शिकतात कुठे? आणि एकदा शिकले की त्यांचं शिकणं संपतं का?

मी कवी माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं. वैद्यकावर अधिकारवाणीनं बोलावं अशी माझी योग्यता नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण गुरू, सराव, दुरुस्ती या गोष्टींशी माझा जुना संबंध आहे. गझल लिहिणारा आपला शेर उस्तादाला दाखवतो, उस्ताद त्यातला एखादा शब्द हलवतो. त्याला ‘इस्लाह’ म्हणतात. शेर बिघडला तर कागद फाडता येतो. सर्जनला ती सोय नाही. म्हणूनच त्याच्या शिक्षणाबद्दल मला कुतूहल वाटत आलं आहे.

आधी हे ऑपरेशन होतं कसं ते पाहू. बेंबीजवळ लहानसा छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. तंबू उभा राहावा तसं पोट फुगतं आणि आत काम करायला जागा होते. हाच वायू का? तो पेट घेत नाही, आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर जातो. मग एका नळीतून कॅमेरा लावलेली दुर्बीण आत जाते. आणखी दोन-तीन छिद्रांतून हातभर लांबीची, बारीक दांड्याची अवजारं जातात. ही छिद्रं साधारण ५ ते १० मिलिमीटरची असतात. सर्जन रुग्णाच्या पोटाकडे बघत नाही, समोरच्या पडद्याकडे बघतो.

अडचण इथंच सुरू होते. पडदा सपाट असतो, त्यामुळे खोली कळत नाही. अवजार पोटाच्या भिंतीत अडकलेलं असल्यामुळे ते होडीच्या वल्ह्यासारखं चालतं. मूठ डावीकडे नेली की टोक उजवीकडे जातं. आणि तिसरं म्हणजे स्पर्श. उघड्या ऑपरेशनात बोटांना मऊ-कठीण, गरम-थंड, नाडीचे ठोके, सगळं कळतं. इथं बोटं आणि अवयव यांच्यामध्ये हातभर लांबीचा दांडा असतो. म्हणजे उघड्या ऑपरेशनात २० वर्षं घालवलेला वाकबगार सर्जनसुद्धा इथं पुन्हा पहिल्या इयत्तेत बसतो.

आणि तसंच घडलं. जर्मनीतल्या कील शहरातल्या कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञानं १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. १९८५ मध्ये एरिख म्यूहं या जर्मन सर्जननं पित्ताशय काढलं, तेव्हा त्याच्याच व्यवसायबंधूंनी नाकं मुरडली. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों इथं फिलीप मूरे यांनी ते केलं, आणि मग लाट आली. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. ते १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. म्हणजे त्यांच्या त्या एका दिवसामागे १८ वर्षांचा सराव होता.

सगळ्यांजवळ अशी १८ वर्षं नव्हती. रुग्ण नव्या ऑपरेशनची मागणी करू लागले आणि परदेशांत कितीतरी सर्जन शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम करून सोमवारी कामाला लागले. याची किंमत काय पडली, तेही नोंदलं गेलं आहे. अमेरिकेतल्या ‘सदर्न सर्जन्स क्लब’नं १९९१ मध्ये १,५१८ ऑपरेशनांचा हिशेब मांडला. शल्यचिकित्सकांच्या प्रत्येक गटाच्या पहिल्या १३ रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण २.२ टक्के होतं. त्यानंतरच्या रुग्णांत ते ०.१ टक्क्यावर आलं. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. हात तयार होत होता हे खरं. पण तो पहिल्या १३ जणांच्या पोटात तयार होत होता.

ही इजा म्हणजे काय, ते मी घरात पाहिलं आहे. माझ्या थोरल्या बहिणीचं, आमच्या आपाचं, बऱ्याच वर्षांपूर्वी एका शहरातल्या दवाखान्यात पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य नळीलाच इजा झाली होती. मोठ्या रुग्णालयात दुसरं, मोठं ऑपरेशन करावं लागलं. आपा बरी झाली, पण वर्ष गेलं. पहिल्या डॉक्टरांचा चेहरा तिच्यापेक्षाही पांढरा पडलेला मला आठवतो. तो माणूस निष्काळजी वाटला नाही. एकटा वाटला. त्याच्या शेजारी उभं राहून ‘थांब, ही ती नळी नव्हे’ असं म्हणणारं कुणी नव्हतं.

हे ‘थांब’ सर्जननं स्वतःलाच म्हणावं, अशी शिस्त पुढं तयार झाली. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी तिचे तीन नियम मांडले. पित्ताशय आणि यकृत यांच्यामधला त्रिकोण चरबीपासून पूर्ण मोकळा करायचा. पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करायचा. आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी डोळ्यांना स्वच्छ दिसायला हव्यात, एक नळी आणि एक रक्तवाहिनी. तोवर कात्री चालवायची नाही. दिसतच नसेल, तर सरळ पोट उघडायचं. अशा वेळी पोट उघडणं म्हणजे हार नव्हे. तो शहाणपणाचा निर्णय आहे.

पण नियम पाठ झाले म्हणून हात शिकत नाही. आमच्या मोहल्ल्यात एक रफूगार चाचा होते. शिकाऊ पोराला ते वर्षभर जुन्या चिंध्यांवरच बसवत. गिऱ्हाइकाच्या शालीला हात लावू देत नसत. ही रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत यावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर करावा, शिवण्याचा कापडावर आणि मऊ चामड्यावर, पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या पुतळ्यावर, असं तिथं सांगितलं आहे. शास्त्र कितीही पढलेला असला तरी हाताचा सराव न केलेला वैद्य कामाला अयोग्य, हा त्याचा निष्कर्ष.

आजच्या सर्जनचा कोहळा म्हणजे एक पेटी. झेम यांनीच १९८० च्या दशकात तशी पेटी बनवली होती. माझ्या मित्राचा मुलगा सर्जन आहे. त्याच्या घरी मी ती पाहिली. प्लास्टिकचा डबा, वर छिद्रं, आत छोटा कॅमेरा. “काका, बघा करून,” म्हणत त्यानं अवजारं माझ्या हातात दिली. रबराचा तुकडा एका खुंटीवरून उचलून दुसऱ्या खुंटीवर ठेवायचा, एवढंच काम. पाच मिनिटांत माझं मनगट भरून आलं आणि तुकडा डब्याच्या तळाशीच राहिला. तो मात्र रोज अर्धा तास हेच करतो.

हा सराव मोजताही येतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेराल्ड फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या कसोट्यांवरून अमेरिकेत २००४ मध्ये एक परीक्षा सुरू झाली. तीत हाताची पाच कामं असतात. खुंट्यांवर तुकडे हलवणं, आखलेलं वर्तुळ कापणं, फास आवळणं, आणि दोन प्रकारे गाठ मारणं. घड्याळ लावलेलं असतं आणि चुकीला गुण कापले जातात. २०१० मध्ये तिथं जनरल सर्जनच्या प्रमाणपत्रासाठी ही परीक्षा उत्तीर्ण होणं सक्तीचं करण्यात आलं. संगणकावरच्या आभासी सरावाचाही उपयोग होतो. येल विद्यापीठातल्या २००२ च्या प्रयोगात असा सराव केलेल्या शिकाऊ डॉक्टरांनी काम २९ टक्के लवकर केलं. ज्यांनी तो केला नव्हता, त्यांच्याकडून पित्ताशयाला किंवा भलत्या भागाला इजा होण्याची शक्यता पाचपट होती.

शिकाऊंचं झालं. पण नावारूपाला आलेल्या सर्जनचं काय? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २० सर्जननी आपल्या ऑपरेशनची चित्रफीत सहकाऱ्यांपुढं तपासायला ठेवली. कुणाची फीत आहे हे तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के निघालं, सर्वांत वरच्या गटात ५.२ टक्के. हे सगळेच कामात असलेले सर्जन होते. म्हणजे भिंतीवरची पदवी सगळ्यांच्या हाताबद्दल सारखंच सांगत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनची एक खुबी अशी, की त्याची आपोआप चित्रफीत होते. ती मित्रांपुढं लावावी आणि ‘इथं काय चुकलं?’ असं विचारावं. ही सर्जनची इस्लाहच म्हणायची.

आपल्या महाराष्ट्रात डॉक्टरांना दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण मिळवावे लागतात. नियम चांगला आहे. पण व्याख्यानाला बसूनही हे गुण मिळतात. कानाचं शिक्षण झालं, हाताचं राहिलं! दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा होतात, त्या उपयोगीही आहेत. तिथून तालुक्याच्या गावी परतल्यावर पहिल्या दहा-बारा ऑपरेशनांना शेजारी कोण उभं राहणार, हा खरा प्रश्न आहे. जाणता सर्जन तिथं जाऊन उभा राहावा, निदान पडद्यावरून त्याला काम दिसावं, अशी सोय व्हायला हवी. आणि दुसऱ्या बाजूनंही भान हवं. दुर्बिणीवरच वाढलेल्या नव्या पिढीला पोट उघडून काम करण्याची संधी कमी मिळते. अडल्यावर पोट उघडायचं, तर तो हातही तयार हवा.

रुग्ण म्हणून आपणही थोडं शिकावं. ऑपरेशनच्या आधी तीन गोष्टी नम्रपणे विचाराव्यात. डॉक्टर, असं ऑपरेशन आपण किती वेळा केलं आहे? प्रत्यक्ष हात कुणाचा असेल? आणि गरज पडली तर पोट उघडाल ना? हे विचारण्यात अविश्वास नाही. चांगला सर्जन रागावणार नाही. त्यानं पोट उघडलं, तर आपणही बाहेर येऊन ‘ऑपरेशन फसलं’ अशी आवई उठवू नये. त्या भीतीनं एखादा डॉक्टर आत थांबायला कचरला, तर तो धोका आपणच ओढवून घेतलेला असेल.