विश्लेषण : लॅपटॉपचा पंखा कोणाचे ऐकतो? जुन्या यंत्रावर लिनक्स टाकताना ‘ईसी’ का आडवा येतो?

मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांवर गेला, की लॅपटॉपही माणसांसारखेच वागू लागतात. पंखा धापा टाकतो, काम संथ होते आणि चार्जर लावलेला असूनही पडद्यावर ‘चार्जिंग होत नाही’ असा संदेश दिसतो. मग चार्जर बदलून पाहिला जातो, कधी बॅटरीही बदलली जाते. दोष अनेकदा दोन्हींचा नसतो. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करणे सुरक्षित मानले जाते. आतला सेल त्यापलीकडे तापला, तर चार्जिंग मुद्दाम थांबवले जाते. चार्जिंग सुरू ठेवायचे की थांबवायचे, याचा कारभार लॅपटॉपमधील एका छोट्या चिपकडे असतो. तिचे नाव एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे ईसी.

एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सुस्थितीतील अनेक जुन्या लॅपटॉपसमोर लिनक्स हाच परवडणारा पर्याय उरला. लिनक्स बसते, वेगाने चालतेही; पण पंख्याचा वेग दिसत नाही, बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवता येत नाही, कीबोर्डवरील दोन-तीन खास बटणे मुकी राहतात. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : त्या मॉडेलच्या ईसीशी बोलणारा ड्रायव्हर कोणी लिहिलेलाच नसतो.

ईसी नेमके काय करतो?

लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरशिवाय आणखी एक छोटा संगणक असतो, असे समजायला हरकत नाही. त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृती आणि स्वतःचा प्रोग्रॅम असतो. लॅपटॉप बंद असतानाही तो जागा असतो. पॉवरचे बटण दाबल्याचे सर्वांत आधी त्यालाच कळते. कीबोर्ड वाचणे, झाकण मिटल्याची नोंद घेणे, तापमान पाहून पंखा कमी-जास्त करणे, बॅटरीवर लक्ष ठेवणे ही त्याची कामे. त्याचा पूर्वज म्हणजे १९८४ च्या आयबीएम पीसी-एटी संगणकातील ८०४२ ही कीबोर्ड सांभाळणारी चिप. आज आयटीई, नुवोटॉन, ईएनई, मायक्रोचिप अशा कंपन्या ईसी बनवतात. त्यातील प्रोग्रॅम मात्र लॅपटॉपच्या मॉडेलनुसार बदलतो, आणि घोळ तिथेच आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्याशी बोलते कशी?

त्यासाठी एसीपीआय नावाचे प्रमाणक १९९६ च्या अखेरीस आले. त्यानुसार ईसीला दोन खिडक्या असतात. हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीत, त्यांचे क्रमांक सहसा ६२ आणि ६६. ६६ क्रमांकाच्या खिडकीवर आज्ञा द्यायची, ६२ वर माहितीची देवाणघेवाण करायची. आत २५६ कप्पे असतात आणि प्रत्येकात ० ते २५५ यांपैकी एक आकडा मावतो. ८० ही आज्ञा म्हणजे ‘अमुक कप्पा वाचून दाखव’, ८१ म्हणजे ‘अमुक कप्प्यात हे लिही’. प्रत्येक पायरीवर ‘तुमचे आधीचे घेतले का?’ हे खुणेच्या बिटवरून पाहून मगच पुढचा आकडा द्यायचा.

उलट दिशेनेही निरोप येतो. चार्जर काढला, झाकण मिटले, की ईसी घंटी वाजवतो. त्यावर कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ८४ ही आज्ञा देऊन ‘काय झाले?’ असे विचारतो. ईसी घटनेचा क्रमांक सांगतो. त्या क्रमांकावर काय करायचे, हे कंपनीने बायोसमध्ये ठेवलेल्या तक्त्यात लिहिलेले असते.

बोलायचे कसे, हे असे ठरलेले आहे. कोणत्या कप्प्यात काय आहे, हे मात्र ठरलेले नाही. एका मॉडेलमध्ये ज्या कप्प्यात पंख्याचा वेग, दुसऱ्यात तिथे कीबोर्डच्या दिव्याची पातळी असू शकते. विंडोजसाठी कंपन्या स्वतःचे सॉफ्टवेअर देतात, त्यामुळे हा नकाशा त्यांना जाहीर करावा लागत नाही. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचा पंखा कोणत्या आकड्याने फिरतो, हे गुपित ठेवण्यात कोणते व्यापारी हित साधते, हे समजणे कठीण आहे.

ड्रायव्हर नसेल तर लॅपटॉप जळतो का?

नाही. ईसी स्वतःच्या बुद्धीने पंखा चालवत राहतो. लिनक्स असो की विंडोज, त्याला फरक पडत नाही. प्रोसेसरही अति तापला तर आपला वेग कमी करतो आणि अगदीच टोकाला गेल्यास यंत्र बंद होते. ‘लिनक्स टाकले म्हणून मदरबोर्ड गेला’ हे निदान म्हणूनच सहसा खरे नसते.

तरीही खान्देशात ड्रायव्हरची उणीव जास्त जाणवते. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापराचे कमाल तापमान ३५ अंश दिलेले असते. पत्र्याच्या छताखालील खोलीत मे महिन्याच्या दुपारी याहून अधिक तापमान सहज असते. म्हणजे वर्षातील बराच काळ आपला लॅपटॉप कंपनीने आखलेल्या मर्यादेबाहेर चालतो. पंखा कितीही फिरला तरी तो खोलीतलीच हवा आत ओढतो. यंत्र खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. अशा वेळी पंखा लवकर वेगात आणणे किंवा प्रोसेसरला कमी विजेच्या पातळीवर ठेवणे उपयोगी पडते. दुसरा प्रश्न बॅटरीचा. वीज जाईल म्हणून लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून ठेवण्याची सवय आहे. शंभर टक्के भरलेली बॅटरी उष्णतेत पडून राहिली, की लवकर म्हातारी होते, प्रसंगी फुगते आणि टचपॅड वर उचलला जातो. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणे हा त्यावरचा सोपा उपाय. पण तो आकडा ईसीपर्यंत पोहोचवायला ड्रायव्हर हवा.

नकाशा शोधायचा कसा?

सुरुवात बायोसच्या तक्त्यापासून होते. लिनक्समध्ये हा तक्ता उतरवून घेता येतो आणि वाचता येईल अशा रूपात उलगडता येतो. त्यात ईसीच्या काही कप्प्यांना नावे दिलेली असतात. नावे चार अक्षरी आणि कोड्यासारखी असतात, पण बॅटरी, तापमान, झाकण एवढे तरी ओळखता येते.

उरलेले निरीक्षणातून शोधावे लागते. कंपनीच्या विंडोज सॉफ्टवेअरमधून एकच गोष्ट बदलायची, समजा पंखा ‘शांत’वरून ‘जोरात’ करायचा, आणि आधीचे व नंतरचे २५६ आकडे शेजारी ठेवून कोणता बदलला ते पाहायचे. तापमानासारखे आकडे आपोआप हलत असतात, म्हणून हाच प्रयोग दहा वेळा करायचा. हे काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही.

थिंकपॅडचे उदाहरण घेऊ. लिनक्समधील थिंकपॅड-एसीपीआय ड्रायव्हरनुसार, पंख्याचे नियंत्रण अनेक मॉडेलमध्ये २एफ या कप्प्यात असते; त्यात ० ते ७ अशा पातळ्या आणि ‘आपोआप’साठी वेगळा आकडा आहे. वेग ८४ आणि ८५ या दोन कप्प्यांत मिळतो. दोन का? कारण एका कप्प्यात २५५ च्या पुढे मोजता येत नाही. ८४ मध्ये २८ आणि ८५ मध्ये १२ असेल, तर १२ गुणिले २५६ अधिक २८, म्हणजे मिनिटाला ३,१०० फेरे. हा ड्रायव्हर कंपनीबाहेरच्या हौशी माणसांच्या कामातून उभा राहिला, आणि त्यातील सावधगिरी शिकण्यासारखी आहे. पंखा हाताने चालवण्याची सोय मुळात बंदच असते; ती मुद्दाम सुरू करावी लागते. शिवाय पंखा चालवणारा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, तर ठरवलेल्या वेळेनंतर पंखा पुन्हा ‘आपोआप’वर नेणारी पहारेकऱ्याची सोयही त्यात आहे.

सावधगिरी कशासाठी, हे दोन जुन्या घटनांवरून कळते. दोन्ही थेट ईसीच्या नाहीत, पण फर्मवेअरला हात लावणाऱ्या ड्रायव्हरच्याच आहेत. २०१३ च्या सुरुवातीला सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू करताच कायमचे निकामी झाले. सॅमसंगसाठीचा ड्रायव्हर यूईएफआय पद्धतीने सुरू झालेल्या यंत्रांवर चालू द्यायचा नाही, असा बदल तातडीने करावा लागला. मूळ दोष फर्मवेअरमध्ये होता, हे नंतर स्पष्ट झाले. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० मधील एका ड्रायव्हरमुळे लेनोव्हो व इतर काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये बिघाड झाला; ती आवृत्ती डाउनलोडवरून काढून घ्यावी लागली आणि जानेवारीत दुरुस्त करून पुन्हा आली. कप्पा वाचणे सहसा निरुपद्रवी असते, अंदाजाने लिहिणे मात्र नाही.

म्हणूनच २०२३ मध्ये लिनक्स ६.४ मध्ये आलेला एमएसआय लॅपटॉपचा ड्रायव्हर आधी ईसीच्या प्रोग्रॅमची आवृत्ती वाचतो. ती आपल्या यादीत असेल, तरच पुढे काम करतो. यादीत नसेल, तर गप्प बसतो. मॉडेलचे नाव सारखे असूनही मित्राच्या लॅपटॉपवर चालणारी सोय आपल्यावर चालत नाही, त्याचे कारण कधी कधी इतके साधे असते.

हे काम कर्नेलमध्येच का?

पंख्यासाठी एखादा छोटा प्रोग्रॅम लिहून थेट ६२-६६ वर आकडे पाठवता येत नाहीत का? येतात, आणि अनेक जण तसे करतातही. पण त्याच क्षणी कर्नेल बॅटरीची पातळी विचारत असू शकतो. एकाच खिडकीवर दोघांनी एकदम फॉर्म सरकवले तर एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती पडते. बॅटरी अचानक शून्य दिसते, यंत्र झोपी जाते. कर्नेलमधील ड्रायव्हर सर्वांना एकाच रांगेत उभे करतो. शिवाय तो वेग, तापमान, चार्जिंगची मर्यादा या गोष्टी ठरलेल्या नावांनी आणि ठरलेल्या जागी मांडतो. त्यामुळे वरच्या प्रोग्रॅमला लॅपटॉप कोणत्या कंपनीचा आहे, हे माहीत असण्याची गरज राहत नाही.

स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये तर अडचण आणखी मोठी. तिथे लिनक्स सहसा एसीपीआयचे तक्ते वापरत नाही. त्यामुळे बॅटरी किती उरली एवढे कळण्यासाठीही काही मॉडेलना स्वतंत्र ईसी ड्रायव्हर लिहावा लागतो. लेनोव्हो योगा सी-६३० हा लॅपटॉप बाजारात येऊन काही वर्षे उलटल्यावर, २०२४ मध्ये, त्याचा ड्रायव्हर मुख्य लिनक्समध्ये दाखल झाला.

जळगाव-धुळ्यात बसून हे करता येईल का?

कर्नेलचे काम म्हणजे बंगळूरु किंवा परदेश, असा समज आहे. तो पूर्ण बरोबर नाही. कर्नेलमधील चुका शोधण्यासाठी वापरले जाणारे केजीडीबी हे साधन मुख्य लिनक्समध्ये येण्याआधी काही वर्षे पुण्याहून अमित काळे सांभाळत होते. ईसीच्या बाबतीत तर ठिकाणापेक्षा वस्तू महत्त्वाची. तो विशिष्ट लॅपटॉप ज्याच्या टेबलावर आहे, तोच हे काम करू शकतो. युरोपात बसलेल्या निष्णात माणसालाही यंत्राशिवाय कप्पे वाचता येत नाहीत. आणि नाना मॉडेलचे जुने लॅपटॉप आपल्या दुरुस्तीच्या दुकानांत रोज उघडले जातात.

बांभोरी, शिरपूर, धुळे, जळगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हजेरीचे ॲप किंवा वाचनालयाचे संकेतस्थळ पुन्हा पुन्हा केले जाते. त्याऐवजी एका मॉडेलच्या ईसीचा नकाशा तयार करणे हा खऱ्या अर्थाने नवा प्रकल्प ठरेल. सुरुवातीलाच नवा ड्रायव्हर लिहिण्याची गरज नसते. आधीच्या ड्रायव्हरच्या यादीत आपले मॉडेल तपासून जोडणे हा बदल कित्येकदा काही ओळींचाच असतो. तो ई-मेलने पाठवायचा, खाली स्वतःच्या नावाने ‘हे काम माझे आहे आणि ते देण्याचा मला अधिकार आहे’ अशा अर्थाची ठरलेली ओळ लिहायची. तपासणारे लोक कडक असतात, चार वेळा परत पाठवतात, पण पदवी विचारत नाहीत. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. प्रयोगाचे यंत्र मात्र सुटे, अडगळीतले असावे; बहिणीचा परीक्षेच्या काळातला लॅपटॉप नव्हे.

जुना लॅपटॉप घेताना काय पाहावे?

गोलाणी मार्केट असो की धुळ्यातील एखादे दुकान, पैसे देण्याआधी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करून पाहावे. त्यासाठी काही इन्स्टॉल करावे लागत नाही. पंख्याचा वेग आकड्यांत दिसतो का, झाकण मिटल्यावर यंत्र झोपते आणि उघडल्यावर जागे होते का, आवाजाची बटणे चालतात का, हे दहा मिनिटांत कळते. बॅटरीच्या मर्यादेसाठी ‘पॉवर’ सेटिंगमध्ये पाहावे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ग्नोम ४८ पासून बॅटरीचे आयुष्य जपण्याचा पर्याय तिथेच दिसतो, मात्र ड्रायव्हर ती सोय देत असेल तरच. थिंकपॅडसाठी ती लिनक्समध्ये २०१८ पासून, तर अनेक आसूस लॅपटॉपसाठी २०१९ पासून आहे. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून निघालेले थिंकपॅड दिसायला ओबडधोबड असतात, वजनालाही जड. तरी त्याच किमतीतील चकचकीत, पण अनोळखी ईसीच्या लॅपटॉपपेक्षा ते घेणे बरे. पेनड्राइव्हवरची तपासणी शक्यतो दुपारी करावी, कूलरच्या झोतापासून दूर.