दवा की दुवा?

होळी जवळ आली की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सैलानीकडे जाणाऱ्या गाड्या खचाखच भरतात. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नारळांची होळी पेटते. 'बाहेरची बाधा' झाली म्हणून कितीतरी जणांना घरचे तिथे आणतात. हिंदूही आणि मुसलमानही. आपण इंजिनिअर मंडळी 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळे होतो. पण हे लोक आधी डॉक्टरकडे का जात नाहीत?

मला वाटतं, दर्ग्यावर गेल्याने 'वेडा' असा शिक्का बसत नाही. शिवाय तिथे कोणीतरी ऐकून घेतं, धीर देतं. मात्र स्किझोफ्रेनियासारखा आजार नुसत्या धीराने आटोक्यात येत नाही. आणि साखळदंड म्हणजे तर धीरही नव्हे. 2001 साली तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रमात आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आलं नाही. 28 जण गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं बांधून ठेवायला बंदी घातली.

मग श्रद्धा सोडायची का? गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर 2008 मध्ये 'दवा-दुवा' उपक्रम सुरू झाला. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. ते दुवा करतात आणि तिथल्याच मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवतात. ज्याच्यावर विश्वास, त्यानेच सांगितलं की पेशंट गोळी घेतो! साधं लॉजिक आहे.

तेव्हा नवस जरूर बोला, पण गोळी चुकवू नका. आणि हो, टेलि-मानसचा 14416 हा मोफत नंबर हॉस्टेलवाल्यांनीही लिहून ठेवा.