मातीचं काम नेलकटरकडे

मराठीत दोन वेगवेगळ्या प्राण्यांना आपण ससा या एकाच नावाने ओळखतो. माळरानावर किंवा पिकाच्या कडेला पायाखालून उसळी मारून पळणारा तपकिरी ससा हा एक. तो बीळ करत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून दबून बसतो, आणि त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेलं असल्यामुळे तो घरी पाळता येत नाही, हे जाता जाता सांगायला हवं. दुकानातून पिंजऱ्यात घालून घरी आणला जातो तो ससा दुसरा. त्याचं मूळ स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतलं. पांढरेशुभ्र लाल डोळ्यांचे असोत की लोंबत्या कानांचे, जगभरातले सगळे पाळीव ससे त्या एकाच युरोपी रानसशाचे वंशज आहेत. हा ससा बिळात राहणारा. त्याची पिल्लं जमिनीखालच्या अंधारात, बिनकेसाची आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात. पाळीव सशाची नखं का कापावी लागतात, या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे, कारण त्याची नखं ही मुळात माती उकरायची अवजारं आहेत.

ही अवजारं किती कामाची आहेत, याच्या नोंदी जुन्या आहेत. सशांनी जमीन पोखरून स्पेनमधलं एक गाव खिळखिळं केलं, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे, आणि तेही आपल्या आधीच्या व्हॅरोचा हवाला देऊन. ऑस्ट्रेलियात १८५९मध्ये शिकारीच्या हौसेसाठी दोन डझन ससे सोडले गेले. त्यांच्या वंशजांना अडवायला पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात अठराशे किलोमीटरहून लांब कुंपण घातलं, तेव्हा जाळीचा खालचा भाग जमिनीत पुरावा लागला. नाहीतर ससे खालून उकरून पलीकडे गेले असते. असा प्राणी रोज जितकं नख वाढवतो तितकं माती त्याच्याकडून झिजवून घेते. आता तोच ससा ठाण्यातल्या किंवा कोथरूडमधल्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्सवर वावरतो. नखांची वाढ चालूच आहे, झीज मात्र थांबली आहे. म्हणून नख कापणं हा सशाचा साजशृंगार समजू नये. आपण त्याची माती काढून घेतली. तिचं काम आता आपल्यालाच करायचं आहे.

ते केलं नाही तर काय होतं, हे सशाचा पाय उलटून पाहिला की समजतं. कुत्र्या-मांजराच्या तळपायाला असते तशी गादी सशाला नसते. तिथे फक्त दाट केस असतात. बसलेल्या सशाचे मागचे पाय बोटांपासून टाचेपर्यंत जमिनीला टेकलेले असतात आणि अंगाचा भार त्या सगळ्या लांबीवर वाटला जातो. नखं वाढली की ती फरशीला आधी टेकतात, बोटं वर उचलली जातात आणि भार मागे टाचेवर सरकतो. तिथले केस झडतात, कातडी लाल होते, मग जखम होते, आणि दुर्लक्ष झालं तर संसर्ग हाडापर्यंत पोचू शकतो. या दुखण्याचं एकमेव कारण नख नव्हे. तारेच्या जाळीचा तळ असलेला पिंजरा, ओली घाण आणि जास्तीचं वजन हीही कारणं आहेतच, आणि आपल्याकडे विकले जाणारे बरेच पिंजरे जाळीच्याच तळाचे असतात. पण अशा पिंजऱ्यात लांब नख दुप्पट घातक ठरतं. ते जाळीत, गोणपाटात किंवा गालिच्याच्या धाग्यात अडकतं, ससा घाबरून झटका मारतो आणि नख मुळापासून उपटून येतं.

रानातल्या सशाची नखं कोण कापतं, हा नेहमीचा आक्षेप. त्याचं उत्तर वर आलंच. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे: मग त्याला मातीच द्या, नेलकटर कशाला? सशाला उकरायला मातीने भरलेलं घमेलं किंवा खोकं जरूर द्यावं. त्याच्या मनासाठी आणि शरीरासाठी ते फार चांगलं, आणि नखंही थोडी झिजतात. पण तेवढ्याने भागत नाही. सशाच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार, अशी एकूण अठरा नखं असतात. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, जरा वर, आपल्या अंगठ्याच्या जागी असलेलं नख चालताना जमिनीला टेकतच नाही. झिजायला वाव नसल्यामुळे ते गोल वळत जातं आणि वेळेवर कापलं नाही तर कातडीतच रुततं. केसांत दडलेलं असल्यामुळे नेमकं हेच नख नजरेतून सुटतं. काही जण पिंजऱ्यात सँडपेपर किंवा खरखरीत फरशी टाकतात. तो उपाय मात्र टाळावा. त्याने नखाआधी तळपायाचे केस झिजतात, म्हणजे जो त्रास टाळायचा तोच ओढवून घेतल्यासारखं होतं.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. नख कापायला बसणाऱ्याचं सगळं लक्ष नखाकडे आणि रक्ताच्या भीतीकडे असतं. माझं म्हणणं असं की या कामातला मोठा धोका नखात नाही, धरण्यात आहे. सशाचा सांगाडा विलक्षण हलका असतो. त्याचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण सात-आठ टक्केच भरतं, तर मांजराच्या बाबतीत हे प्रमाण बारा-तेरा टक्के असतं. या नाजूक हाडांना जोडलेले मागच्या पायांचे स्नायू मात्र दणकट असतात. धरलेल्या सशाने जीव खाऊन लाथ मारली आणि कंबर मोकळी राहिली, तर त्याच लाथेच्या जोराने त्याच्या कमरेचा मणका मोडू शकतो. मणका मोडला की बहुतेक वेळा मागचे पाय कायमचे लुळे पडतात. आभाळ पडलं म्हणून पळत सुटलेल्या भित्र्या सशाची गोष्ट लहानपणी ऐकताना आपण त्याच्या भीतीला हसतो. सशासाठी ती भीती खरी आहे, शरीर मोडण्याइतकी खरी. डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मागचं आणि वरचंही दिसतं. वरून झेपावणारा हात त्याच्या लेखी घारच असते. म्हणून सगळी आखणी आपल्या सोयीऐवजी त्याच्या भीतीच्या हिशेबाने करायला हवी.

या हिशेबाने पाहिलं तर एक लोकप्रिय युक्ती बाद करावी लागते. सशाला उताणा केला की तो निपचित पडतो, डोळे स्थिर होतात, पाय सैल सुटतात. अनेकांना वाटतं, आता याला गुंगी आली, नखं कापायला हीच वेळ चांगली. युक्ती सोपी आहे आणि ससा लाथही मारत नाही, तेव्हा ती का सोडावी, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे. पण हे निपचित पडणं म्हणजे आराम नव्हे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर सुटायचा एकही मार्ग उरला नाही की हा प्राणी मेल्यासारखा पडतो. अशा अवस्थेत ठेवलेल्या सशांची तपासणी झाली आहे. नाडी आणि श्वास यांतले बदल आणि रक्तात वाढलेलं ताणाचं संप्रेरक ही लक्षणं भीतीची निघाली, शांतपणाची नव्हेत. शिवाय ही अवस्था कधीही अचानक मोडते, आणि तेव्हा बसणारा झटका सर्वांत जोराचा असतो.

त्यापेक्षा जमिनीवर बसावं. टेबल नको, कट्टा नको. ससा हातातून सुटलाच तर वीतभरच उडी मारेल, असं असावं. मांडीवर जाड टॉवेल घालून त्याला पायांवरच बसवावं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पाठीमागून ढुंगणाखाली, आणि त्याचं अंग आपल्या अंगाला टेकलेलं. कान धरून तर कधीच नाही. त्याने आपल्या कोपराच्या खाचेत तोंड खुपसलं तर खुपसू द्यावं, अंधारात तो निवांत होतो. फारच चुळबुळ करणाऱ्या सशाला टॉवेलमध्ये लपेटून एकेक पाय बाहेर काढता येतो, पण आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हे दोन-तीन मिनिटांवर नेऊ नये. सशाला घाम येत नाही, तो उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि तापलेल्या खोलीत गुंडाळलेला ससा लवकर उष्माघाताकडे जातो. जोडीला माणूस असेल तर एकाने धरावं, दुसऱ्याने कापावं. आणि मुख्य म्हणजे अठरा नखं एका बैठकीत संपवायचा हट्ट सोडावा. रोज दोन नखं कापली तरी नऊ दिवसांत सगळी होतात. साधारण चार ते सहा आठवड्यांनी नखं पुन्हा कापण्याजोगी होतात, त्यामुळे एवढी सवड असतेच. त्याआधी काही दिवस, नेलकटर हातात न घेता, नुसते पंजे हाताळून कोथिंबिरीची काडी द्यावी. पाय धरला की कोथिंबीर मिळते, हे सशाच्या लवकर ध्यानात येतं.

कापण्याचं तंत्र त्यामानाने सोपं आहे. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो, त्याला मराठीत जिव्हाळी असा नेमका शब्द आहे. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. तिच्यापुढे दोन-तीन मिलिमीटर सोडून कापावं. काळ्या नखात ती दिसत नाही, तेव्हा मोबाइलचा टॉर्च नखाच्या मागून धरला तर सावली उमटते. तरीही शंका राहिली तर फक्त पुढचं वळलेलं टोक घ्यावं. नेलकटर नखावर ठेवून आधी किंचित दाबून पाहावं. ससा पाय ओढू लागला तर आपण बहुधा जिव्हाळीजवळ आहोत, मागे सरावं. माणसांचं नेलकटर चपट्या नखांसाठी बनवलेलं असतं. सशाचं नख गोलसर असल्यामुळे ते त्यात चेपतं आणि उभं चिरतं. मांजरासाठी मिळणारी छोटी कात्रीसारखी नेलकटरं या कामाला चांगली, फक्त त्यांना धार हवी. बोथट पात्याने नख कापलं जात नाही, ते चिरडतं. बरेच महिने दुर्लक्ष झालेल्या नखात जिव्हाळीही पुढे आलेली असते. तिथे एका दमात नख आखूड करण्याच्या फंदात पडू नये. थोडं थोडं, पण वरचेवर कापत गेलं तर ती हळूहळू मागे सरकते.

आणि लागलंच तर? या भीतीपायी कित्येक जण वर्ष-वर्ष नेलकटर हातात घेत नाहीत, म्हणून तिचं माप नीट घ्यायला हवं. जिव्हाळी कापली गेली तर सशाला दुखतं, काही थेंब रक्त येतं, पांढऱ्या केसांवर ते आहे त्याहून जास्त दिसतं. स्वच्छ कापसाने पाच मिनिटं न सोडता दाबून धरावं. जवळ कॉर्नफ्लोअर ठेवावं. चिमूटभर नखाच्या टोकाला दाबलं की रक्त गोठायला मदत होते. न्हाव्याच्या दुकानात दाढी करताना कापलं तर तुरटी फिरवतात, तेच तत्त्व इथेही लागू पडतं. पण तुरटी झोंबते आणि ससा पाय चाटतो, म्हणून आधी कॉर्नफ्लोअर बरं. दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबलं नाही तर डॉक्टरांकडे न्यावं. लागण्याच्या भीतीने नख वाढू देण्यात मात्र तोटा मोठा आहे, कारण दोन थेंबांची जखम दोन दिवसांत विसरली जाते, टाचेची जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

मग हे सगळं डॉक्टरांवरच का सोपवू नये? पहिल्यांदा सोपवावंच, आणि ते कसं धरतात ते नीट पाहून घ्यावं. पुढे मात्र दर महिन्याची फेरी हा सशासाठी स्वस्त सौदा नाही. रिक्षातले धक्के, दवाखान्यातल्या कुत्र्यांचा वास आणि भुंकणं, अनोळखी हात, यातून जाऊन आलेला ससा कधी कधी खाणंच सोडतो. सशाचं आतडं सतत हलतं राहावं लागतं. तो दहा-बारा तास खात नसेल किंवा लेंड्या पडत नसतील तर ती तातडीची वेळ असते. त्यातून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या येतात. सशांची सवय असलेले डॉक्टर मिळणं मोठ्या शहराबाहेर अवघड. तरी काही ससे घरी हाताळूच नयेत. नख कातडीत रुतलंय, मुळापासून मोडलंय, टाच लाल किंवा सुजलेली आहे, ससा म्हातारा आणि सांध्यांनी जखडलेला आहे, किंवा धरताच तोंड उघडून श्वास घेऊ लागतो, अशा वेळी डॉक्टरच हवेत.

बाकीच्या सशांना घरची ओळखीची मांडी पुरते. कापून झाल्यावर त्याला लगेच जमिनीवर सोडावं, कोथिंबीर द्यावी, आणि संध्याकाळपर्यंत तो खातोय ना, लेंड्या नेहमीसारख्या पडतायत ना, एवढं पाहावं. मध्येच त्याने लाथा झाडायला सुरुवात केली तर आवळून धरायचं नाही. कंबरेखाली हात देऊन अलगद खाली ठेवायचं. त्या दिवशी एकच नख झालं असेल तरी चालेल. उरलेली सतरा उद्यापासून.