बारावीनंतर : भाग 7 – बायो म्हणजे फक्त डॉक्टरकी नव्हे

नीटचा निकाल लागला की बीएस्सीच्या प्रवेशाला गर्दी होते. 2024 साली 23 लाखांहून जास्त मुले नीटला बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. बहुतेकांचा नंबर लागणार नाही हे परीक्षेआधीच ठरलेले असते. तरीही घरोघरी जीवशास्त्राची पदवी म्हणजे हुकलेल्या डॉक्टरकीची भरपाई! ज्यांना विषय मनापासून आवडतो, तीही मुले मग हिरमुसून वर्गात येतात.

कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांच्या वडिलांचाही ओढा डॉक्टरकीकडेच होता. ते स्वतः पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत; लेकीने डॉक्टर व्हावे आणि लग्नही डॉक्टरशीच करावे, असे त्यांच्या मनात होते. लेकीने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले, लग्न गणितज्ञाशी केले, मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ वसंत खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगावर काम केले आणि पुढे देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. उदाहरण असामान्य आहे, मान्य. पण त्या उभ्या राहिल्या त्या हातातल्या तंत्रावर, आणि ते तंत्र आज साध्या बीएस्सीवाल्यांनाही काम देते.

वनस्पतींतले ऊतिसंवर्धन, म्हणजे टिश्यू कल्चर, समजून घ्यायचे तर जळगावकडे त्याची केळी कशी तयार होते ते पाहा. जातिवंत झाडाचा, तलवारीच्या पात्यासारखी पाने असलेला मुनवा (बुडाशी येणारा फुटवा) निवडायचा. त्याचे थर सोलत आतल्या वाढीच्या टोकापर्यंत जायचे, ते निर्जंतुक करून आगरच्या माध्यमावर ठेवायचे. हे माध्यम बहुधा 'एमएस', म्हणजे मुराशिगी आणि स्कूग यांनी 1962 मध्ये मांडलेले. त्यात सायटोकायनिन हे संप्रेरक घातले की एका कोंबाचे अनेक कोंब होतात. साधारण महिन्याने निर्जंतुक हवेच्या कपाटापुढे (लॅमिनार फ्लो) बसून ते वेगळे करायचे आणि नव्या बाटल्यांत लावायचे. तासन्‌तास हेच. हात जरा चुकला की तीन-चार दिवसांत बाटलीत बुरशी दिसते आणि बाटली फेकावी लागते. ही फेरी कितीही वेळा करता येत नाही; फार फेऱ्या झाल्या तर रोपे मूळ जातीपासून भरकटतात, आणि ते बऱ्याचदा कळते शेतकऱ्याच्या बागेत, त्याचा खर्च होऊन गेल्यावर. शिवाय मातृझाडात विषाणू असेल तर तो सगळ्या रोपांत उतरतो. खानदेशात ज्याला 'हरण्या' म्हणतात तो काकडीवर्गीय मोझॅक विषाणू त्यातलाच. म्हणून एलायझा किंवा पीसीआरची तपासणी हवीच. त्यानंतर हरितगृह, शेडनेट, मग शेत. या साखळीत वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र शिकलेल्या सगळ्यांना जागा आहे.

बाकीच्या वाटा थोडक्यात. औषध कंपन्या, लसनिर्मिती, दुग्धव्यवसाय आणि खाद्यप्रक्रिया यांना गुणवत्ता नियंत्रणासाठी सूक्ष्मजीवशास्त्राची मुले लागतात. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ व्हायचे तर डीएमएलटीसारखा वेगळा अभ्यासक्रम करावा; अहवालावर सही मात्र तिथल्या पॅथॉलॉजिस्टचीच. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राची पदवी चालते. संशोधनात जायचे असेल तर पुण्यात आयसर, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. मुंबईत टाटांची मूलभूत संशोधन संस्था. एवढ्या संस्था एका पट्ट्यात असणे हे आपल्या मुलांचे नशीबच, पण कितीजण तिथला खुला दिवस पाहायला जातात?

आता कटू भाग. नुसत्या तीन वर्षांच्या पदवीवर मिळणारी सुरुवातीची नोकरी बहुधा कमी पगाराची असते. एमएस्सी धरूनच हिशेब करावा. चांगल्या संस्थेत ती करायची तर जॅम, गॅट-बी अशा प्रवेश परीक्षांची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच हवी. पीएचडी म्हणजे आणखी पाच-सहा वर्षे. नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती) मिळाली तर दरमहा पाठ्यवृत्ती असते, घरी हात पसरावा लागत नाही. ज्या घराला मुलाची कमाई लगेच हवी आहे, त्याने हे सगळे आधी मोकळेपणी बोलून घ्यावे.

विषय निवडताना 'बायोटेक'च्या झगमगीत पाटीला भुलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फी दुप्पट आणि प्रयोगशाळेत एकच पीसीआर यंत्र, तेही कापडाखाली झाकलेले, अशी महाविद्यालये आहेत. त्यापेक्षा जुन्या, नीट चालणाऱ्या महाविद्यालयातले साधे वनस्पतिशास्त्र परवडले. प्रवेशाआधी तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारावे : पिपेट तुमच्या हातात किती वेळा येते, की सर करून दाखवतात आणि तुम्ही वहीत आकृती काढता? नव्या शैक्षणिक धोरणात मेजरबरोबर मायनर विषय घेता येतो. जिथे संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र मिळत असेल तिथे ते डोळे झाकून घ्यावे. जनुकांच्या माहितीचे ढीग आता हाताने उपसता येत नाहीत. आणि अकरावीत 'बायो घेतलंय, मग गणित कशाला' म्हणून गणित सोडणाऱ्यांनी निदान दोन महिने थांबून पाहावे.

पुढच्या आठवड्यात रसायनशास्त्र.