विकत घेतली आणि उखडली!

चीनमधली पहिली प्रवासी रेल्वे कुणी मोडली माहीत आहे? खुद्द सरकारने, आणि तीही पैसे मोजून!

शांघायच्या ब्रिटिश व्यापाऱ्यांनी ‘साधा रस्ता करतोय’ म्हणत जमीन घेतली आणि त्यावर चक्क रूळ टाकले. अडीच फुटी गेजची ही इवलीशी गाडी 1876 मध्ये शांघायहून जवळच्या वूसुंगच्या दिशेने धावू लागली. लोक हौसेने बसत होते. पण ऑगस्टमध्ये एक माणूस गाडीखाली सापडला आणि वातावरण तापलं. शेवटी चीनच्या चिंग राजवटीच्या सरकारने 2,85,000 ताएल चांदीला ती हप्त्यांनी विकत घेतली. ऑक्टोबर 1877 मध्ये शेवटचा हप्ता फिटला आणि लगोलग रूळ उखडले. सामान गेलं तैवानला.

आता गंमत बघा. हा निर्णय घेणारे चिंग अधिकारी शेन बाओझेन काही जुनाट खोड नव्हते. फूचौच्या आधुनिक गोदीत वाफेच्या युद्धनौका बांधून घेणारे हेच गृहस्थ! म्हणजे राग यंत्रावर नव्हता, असं मला वाटतं. परवानगी न घेता परक्यांनी आपल्या जमिनीवर रूळ टाकले, हे खरं दुखणं. सुमारे वीस वर्षांनी त्याच मार्गावर पुन्हा रेल्वे आली. या वेळी सरकारनेच बांधलेली.